कडकनाथच्या पंजावरची खूण

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे, पण चुलीजवळचा नव्हे. कोंबडीचं पिल्लू एका दिवसाचं असताना त्याच्या दोन बोटांमधल्या पातळ कातडीला मोहरीएवढं भोक पाडायचं, हे माझं काम.

मौद्याजवळ जयवंताबाईंकडे शुद्ध कडकनाथ कोंबड्यांचे दोन वंश आहेत. डाव्या पंजावर भोक असेल तो पहिला वंश, उजव्या पंजावर असेल तो दुसरा. एका वंशाचा कोंबडा दुसऱ्या वंशात सोडायचा, म्हणजे भावाबहिणीची जोडी लागत नाही. ज्याच्या पंजावर खूणच नाही, तो बाहेरचा. त्याला कळपात जागा नसते, त्याला कापतात.

मी नवा होतो तेव्हा आजूबाजूचे कोंबडीवाले मला हातात घेऊन माझी धार पाहत. पुढे काम झालं की मला पाण्याच्या टाकीजवळच्या खिळ्याला टांगू लागले. तिथे मी गंजलो, बोथट झालो. कोणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा दुसऱ्या वंशात सोडलेल्या कोंबड्याच्या पंजावर भोक सापडलं नाही. तोवर त्याची साठ पिल्लं निघाली होती. कोंबड्या चौदा वर्षं चंद्रभान सांभाळत होता. बाईंनी त्यालाच विचारलं.

"माझा कोंबडा कुठं गेला गा?"

"हाच तो, बाई. अंड्यातून निघतानी पाह्यला मी याले."

"जरीपटक्याच्या बाजारात अस्सल कडकनाथले गिऱ्हाईक लगेच भेटते म्हणतात."

"मंग चौदा वर्षं मले काहून ठेवलं?" चंद्रभान म्हणाला. "त्या चिमट्याले पाहा. भोक बुजलं असन."

"आता चिमटा चोर झाला का?"

दुसऱ्या दिवशी कोंबडा कापला. पिल्लांचा निकाल लावण्याआधी मात्र बाईंनी एक परीक्षा घेतली. मला वापरून एका नव्या पिल्लाला भोक पाडलं आणि ते स्वतःच्या खोलीत टोपल्याखाली ठेवलं. चंद्रभानने पिल्लू बदलू नये म्हणून खोलीला कुलूप लावलं. किल्ली त्या झोपतानाही कमरेला ठेवत.

खरं काय ते मला ठाऊक होतं. माझ्या बोथट टोकाने कातडी पूर्ण तुटतच नव्हती. तुकडा लोंबकळत राही आणि पुन्हा चिकटे. पण मला कोण विचारणार?

बाराव्या दिवशी बाईंनी पिल्लाचा पंजा उन्हात धरला. सुईचं टोक फिरवून पाहिलं. भोक नव्हतं. त्यांनी चंद्रभानला बोलावलं.

"बुजलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"कोंबडा फुकट गेला गा."

"गेला. पिल्लं तरी राहू द्या."

"कुलूप काढते मी आता."

"राहू द्या, बाई. लावलंच आहे तर असू द्या."

मला नागपूरच्या महाल भागात नेऊन धार लावली. त्याला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. साठही पिल्लांना मी पुन्हा भोकं पाडली. आता प्रत्येक वेळी कातडीचा तुकडा गळून पडला की नाही, हे बाई पाहतात.

चंद्रभान मात्र रोज संध्याकाळी कोंबड्या मोजून, कोणी न विचारता, आकडा सांगायला बाईंपुढे उभा राहतो. आधी तो असा कधी उभा राहत नसे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्याच्या भरवशावर कोणाला चोर म्हणण्याआधी माझी धार एकदा तपासून पाहत जा.