सोंडेला हात लावू नका

देवस्थानाने आणलेल्या रबरी हत्तीकडे कुट्टप्पन माहूत पाही तो मेलेल्या घुशीकडे पाहावं तसा. सारी हयात तो खऱ्या हत्तीपुढे छाती काढून मिरवणुकीत चालला. त्याचा हत्ती गोपालन मेला आणि उत्सवाला हे चाकांवरचं गाठोडं आलं! पण याच्यापुढे चालायला नकार दिला, तर घरी बसणं आलं. ते त्याला मरणाहून वाईट.

दुपारी बॅटरी वाचवायला कारागीर लोहिताक्षनने हत्ती बंद केला. तेवढ्यात देवस्थानाचे अध्यक्ष मेनोन पाहुणे घेऊन आले. त्यांनी सोंड धरली आणि पंपासारखी हापसली. बंद हत्तीचे डोळे लकाकले!

"पाहिलंत? माझा हात ओळखतो!" मेनोन फुगले. झालं, सोंड हापसायला रांगच लागली.

लोहिताक्षन कपाळ बडवत कुट्टप्पनपाशी आला. "चेट्टा, सोंड हातानं हलवली की आतली मोटारच वीज करते आणि ती उलटी, हत्ती चालवणाऱ्या कार्डात घुसते. एक कार्ड असंच जळालं, हे शेवटचं. हत्ती बंद होताच मोटार कार्डापासून तोडणारा स्विच हवा. शहरातून घेऊन येतो. तोवर सोंडेला कुणाचा हात लागू देऊ नका."

"गुदगुल्यांनी मरणारा हत्ती!" कुट्टप्पन थुंकला. "गोपालनची सोंड हापसली असती, तर मेनोन माडाच्या शेंड्यावर सापडला असता."

पण कार्ड जळालं तर संध्याकाळी चालायचं कुणापुढे? त्याने समईतलं काळं तेल बोटावर घेतलं, रबरी कानशिलावर मद पाझरावा तसा ओघळ काढला आणि बोंब ठोकली, "पळा! हत्ती माजावर आलाय!"

अंगण क्षणात ओस. मेनोन म्हणे नदीपलीकडच्या गावात दिसले, आणि मधे पूल नाही.

दिवेलागणीला स्विच बसला. कुट्टप्पन नवं मुंडू नेसून हत्तीपुढे उभा राहिला. तोच मेनोन आपलं ओलं मुंडू पिळत आले.

"माजावरच्या हत्तीवर देव बसवतात का? एवढा जुना माहूत तू! बांध त्याला."

"सार, रबरी आहे हो तो!"

"म्हणूनच! खरा निदान माहुताला घाबरतो."

देव पुजाऱ्याच्या डोक्यावरून मिरवायला गेला. माजावरचा हत्ती सोडून माहुताला हलता येत नाही, म्हणून कुट्टप्पन साखळीपाशी बसून लांबून मिरवणुकीचा चेंडा-ढोल ऐकत राहिला. मेनोननी झावळ्यांचा भारा पाठवला, वर निरोप, की त्याला उपाशी ठेवू नकोस.

"गीळ," तो हत्तीला म्हणाला, "तुझ्याच जातीच्या डोक्यानं पाठवलंय." मग त्याने सोंड धरून कचकचून हापसली. बंद हत्तीचे डोळे अंधारेच राहिले.

"हं. सबंध गावात हा स्विचच तेवढा शहाणा."