पाभरीवरचा फेटा

तापीबाईने नवऱ्याचा, करणसिंगाचा फेटा पेरणीच्या पाभरीच्या मुठीला गुंडाळला आणि त्याच्या सुट्या टोकाला बैलांचा कासरा गाठ मारून बांधला. गाठ ओढून पाहिली. मग बियाण्याची ओटी सारखी केली, पदर नाकापर्यंत खाली घेतला आणि पाभरीवरच्या चाड्यात, बी सोडायच्या लाकडी वाटीत, दादर ज्वारीची पहिली मूठ सोडली.

“चाल रे, ढवळ्या.”

बैल चालू लागले.

कळसाडी गावाच्या रानात बाईचा हात चाड्यापर्यंतच पोचायचा. तिने बी टाकावं, निंदावं, कापावं, डोक्यावर वाहून आणावं. कासरा मात्र बाप्याचा. बाईने कासरा धरला तर शेत वांझ होतं म्हणे. शेताला तोंड नाही, म्हणून त्याच्या वतीने हे बाप्येच सांगत.

तिचा बाप्या पलटणीत होता, दूर बसऱ्याकडे लढाईवर. वर्ष झालं, त्याची खबर नव्हती. जेठ, म्हणजे थोरला दीर, हिंमतसिंग पोळ्यापासून म्हणत होता, आधी माझी पेरणी, मग तिची. इकडे जमिनीतली ओल रोज खाली खाली चालली होती. यंदा वावर पड राहिलं की तो ते आपल्यात जोडून घेणार, हे त्याने चावडीवर बोलूनही दाखवलं होतं. मग तिने फक्त सुपात धान्य पाखडायचं, त्याच्या अंगणात, जन्मभर.

पहिलं तास, पेरणीची एक ओळ, संपवून ती नुसत्या हाकेने बैल वळवते तोच हिंमतसिंग बांधावर येऊन उभा राहिला. मागे गावचे चार लोक.

“हाई काय चाली ऱ्हायनं? कासरा कोना हातमा शे?”

जेठाशी भावजय बोलत नाही. तापीबाई बैलाकडे वळली.

“ढवळ्या, सांग त्यासले. कासरा घरधनीना हातमा शे. मी फक्त बी टाकस.”

मागे कोणी तरी फिसकन हसलं.

“फेटा म्हंजे काय माणूस व्हयना?” हिंमतसिंग ओरडला.

“ढवळ्या, मन्हा लगीनमा नवरदेव उना व्हता का रे? पलटणनी सुटी दिन्ही नही. खांडा उना. त्या खांडासंगे फेरा फिरनू मी. छातीशी धरीसन तो कोन्ही आणा व्हता, इचार जेठजीले. तव्हय लोखंड नवरदेव व्हयनं, गावनी लाडू खाधात. आते कपडा व्हयना त काय बिघडनं?”

नवरदेव म्हणून आलेली ती तलवार खोटी म्हणावी, तर भावजय घरात आली कशी? खरी म्हणावी, तर हा फेटाही खरा. हिंमतसिंगाने उपरणं झटकलं आणि तो निघून गेला. बाकीचेही पांगले. कोणी शाबास म्हणालं नाही, कोणी शिवीही दिली नाही. तापीबाईने दुसरं तास धरलं.

दुपारी तिची जेठाणी सूरजबाई भाकर घेऊन आली. घरी विचारून आली नसावी. सारखी मागे पाहत होती.

“खाय माय,” म्हणाली, फडकं बाभळीखाली ठेवलं, आणि लगबगीने वाटेला लागली.

तापीबाईने बैल सोडले, हात धुतले, फडक्यापाशी बसली. भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. ते तिने नीट मांडलं, कांदा बुक्कीने फोडून ठेवला. मग हात मांडीवर ठेवून जरा बाजूला सरकून बसली.

वारा पडला होता. पाभर तासात आडवी होती.

बऱ्याच वेळाने तिला समजलं, की ती पाभरीवरच्या घरधन्याचं जेवण उरकायची वाट पाहते आहे. औत हाकणारा आधी जेवतो.

तिने चोहीकडे पाहिलं. लांबवर कोणी नव्हतं. तिने पदर मागे टाकला आणि भाकर मोडली. आत अजून ऊब होती. लग्न झाल्यापासून ऊन भाकर तिच्या वाट्याला आली नव्हती.

घास तोंडात धरून ती कितीतरी वेळ तशीच बसली, चावायचं विसरून.