चौदा नंबरची ओव्हर

हेमलता गेली हे मला मंगळवारी दुपारी दोन वाजता कळलं, आणि ते तिनंच फोन करून सांगितलं.

"अहो, मी गेले," ती म्हणाली. "दीड वाजता. औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी होते, तिथंच. पण ओव्हर द्यायची राहिलीय. यायला उशीर होईल."

"किती?"

"चौदा कॉट आहेत. तुम्ही जेवून घ्या."

मी जेवून घेतलं आणि सायकल काढून दवाखान्यात गेलो.

ड्यूटी संपताना एक सिस्टर दुसरीला प्रत्येक पेशंटची हकीकत सांगते. कोणाला ताप आहे, कोण जेवलं नाही, कोणाला काय झेपत नाही. याला ओव्हर देणं म्हणतात. ती दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नसतो. तेहतीस वर्षांच्या नोकरीत हेमलतेनं एकदाही सोडला नव्हता. आमच्या साखरपुड्यालाही ती दीड तास उशिरा आली होती.

वॉर्डातल्या घड्याळात दोन वाजले होते. हेमलता पहिल्या कॉटच्या पायथ्याशी उभी होती. दोनच्या ड्यूटीला आलेली सिस्टर एस्तेर तिच्यासमोर वही घेऊन उभी होती.

बुधवारी सकाळी आम्ही हेमलतेचे अंत्यसंस्कार केले. तिचे दोन्ही भाऊ आले होते. सगळं आटोपून, आंघोळ करून मी डबा घेऊन वॉर्डात गेलो, तेव्हा ती दुसऱ्या कॉटपाशी होती. घड्याळात दोनच वाजले होते.

"मेथी करपली का?" तिनं डब्याचा वास घेऊन विचारलं.

"जरा."

"गॅस बारीक करत जा की." तिनं डबा बंद करून परत दिला. जेवत ती नव्हती, पण वास पुरत होता.

"काका," एस्तेर म्हणाली, "तुमच्या बाईसाहेबांना जरा उरका म्हणावं. मी कालपासून दोनच्या ड्यूटीला येतेच आहे. पर्समधलं केळंसुद्धा पिकत नाही माझं."

"हिरवं केळं आणलंस कशाला?" हेमलता म्हणाली. "लिही. दोन नंबर. मुंगी आणि बंद दार."

हेमलतेच्या या खुणा साऱ्या दवाखान्याला ठाऊक होत्या. केसपेपरच्या कडेला ती बारीक चित्र काढायची. मुंगी म्हणजे शुगरचा पेशंट. तीन ठिपके म्हणजे मीठ बंद. बंद दार म्हणजे दुखत असून नाही म्हणणारा. एकच चप्पल म्हणजे भेटायला कोणी न येणारा. अशा एकतीस खुणा होत्या. घरातही साखरेच्या डब्यावर मुंगी होती आणि मिठाच्या डब्यावर तीन ठिपके.

ती दिवसाला एक कॉट द्यायची. दिलेली कॉट एस्तेरच्या बाजूला जायची आणि हेमलतेची बाजू तेवढी आखूड व्हायची. मी रोज दोन वाजता जाऊन बसत होतो. खरं सांगायचं तर ते दिवस मला बरे गेले. नोकरीत असताना ती मला इतकी सलग कधी दिसली नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी आंबर्डेकर नावाचे गृहस्थ घरी आले. दवाखान्यांच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीकडून आले होते. दवाखान्यानं हेमलतेच्या खुणा त्यांच्या कंपनीला दिल्या होत्या. आता प्रत्येक वॉर्डाच्या पडद्यावर मुंगी येणार होती.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"घरातल्या खुणा घ्यायला आलोय," ते म्हणाले. त्यांनी चिमटा काढला, साखरेच्या डब्यावरची मुंगी पायाकडून अलगद उचलली आणि पाकिटात ठेवली.

"अहो, ती घरची आहे."

"नोकरीत असताना काढलेलं काम मालकाचं असतं, काका."

"स्वयंपाकघरात काढली तिनं."

"त्या दिवशी त्या रजेवर होत्या का?"

मी बोटांवर तिच्या रजा मोजू लागलो. त्यांनी तीन ठिपके एकेक करून उचलले.

"आणि तुमचा हा हक्क असतो किती दिवस?" मी विचारलं.

"ज्यानं काढलं तो गेल्यावर साठ वर्षं राहतो."

"ती कुठं राहते मग?"

"हक्क राहतो म्हणालो मी," आंबर्डेकर म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

त्या दिवसापासून आमच्या घरातली साखर गोड लागत नाही आणि मीठ खारट लागत नाही. मी दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले आणि हाताला येईल ते घालू लागलो.

त्या सकाळी दारातून परत फिरताना आंबर्डेकरांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मी लुंगीवर होतो. डाव्या नडगीवर एकतिसावी खूण आहे. दोन आडव्या रेघा, त्यांच्यावर एक लहान गोल.

बत्तीस वर्षांपूर्वी मी लेथवर कामाला होतो. त्याचा जड लोखंडी चक माझ्या पायावर पडला आणि मी त्याच वॉर्डात चौदा नंबरच्या कॉटवर सात आठवडे होतो. हेमलता तेव्हा नवी होती. तिनं माझ्या प्लॅस्टरवर ही खूण बॉलपेननं काढली. प्लॅस्टर कापलं तेव्हा ती आत कातडीवर होती. दुसऱ्या कोणा पेशंटला तिनं ती पुन्हा काढली नाही. पुढं आमचं लग्न झालं आणि मी तिला कितीदा तरी विचारलं.

"पेशंटची गोष्ट घरी बोलत नसतात," ती म्हणायची.

"अगं, पेशंट मीच होतो की."

"होतात. आता नवरा आहात. भाकरी घ्या."

आंबर्डेकर खाली वाकून नडगी बघत म्हणाले, "ही आमच्याकडे आहे. अर्थ नाही. तीस खुणांचे अर्थ लिहिलेत, हिचा नाही. अर्थाशिवाय नोंदणी पुरी होत नाही."

"मलाही माहीत नाही."

"मग त्यांनाच विचारू," ते म्हणाले.

चौदाव्या दिवशी हेमलतेच्या बाजूला एकच कॉट उरली. तिच्यामागची भिंत तिच्या पाठीला टेकली होती आणि समोर कॉटचा दांडा होता. मधल्या जागेत ती उभी होती. कॉट रिकामी होती. हेमलतेचे पाय घोट्यापाशी सुजून बुटांवर आले होते.

"बस की जरा," मी म्हणालो.

"ओव्हर बसून देत नसतात."

"दुखतायत?"

"नाही."

पलीकडून एस्तेर म्हणाली, "बंद दार, काका. बंद दार."

आंबर्डेकर कागद घेऊन आले होते. हेमलतेनं तो वाचला. वर लिहिलं होतं, चौदा नंबरच्या पेशंटला त्याच्या खुणेचा अर्थ सांगायला त्याची परवानगी आहे. खाली लिहिलं होतं, तो अर्थ कंपनीनं ठेवायला त्याची परवानगी आहे. सहीची जागा एकच होती.

"ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," हेमलता म्हणाली.

"फॉर्म एकच आहे, सिस्टर."

"पेशंटनं मला सांगितलेलं, मी पेशंटबद्दल जाणलेलं, ते त्याचं असतं. माझं नाही, दवाखान्याचं नाही. खूण न्या तुम्ही. मुंगी नेलीत, मी काही बोलले नाही. पोरींना उपयोग होईल. पण पेशंटला त्याचं त्याला सांगायचं, म्हणून तुम्हालाही सांगायचं, हे कुठलं?"

"सही झाली की सगळंच होईल. तुम्ही सुटाल, ह्या सुटतील." त्यांनी एस्तेरकडे बोट केलं. "तुमचे पाय बघा."

"माझे पाय कुठल्याच केसपेपरात नाहीत."

तिनं खिशातून पट्टी आणि पेन काढलं. चुकीची नोंद सिस्टर कधी खोडून काळी करत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारतात, बाजूला सही करतात, वेळ घालतात. हेमलतेनं खालच्या परवानगीवर पट्टी ठेवून एक रेघ मारली, सही केली आणि लिहिलं, दुपारी दोन.

आंबर्डेकरांच्या छातीवरून एक सरळ रेघ गेली. ते होते तिथंच उभे होते आणि रेघेखालून नीट दिसत होते. फक्त आता ते नोंदीत धरायचे नव्हते.

"झालं," हेमलता म्हणाली. "आता वरचं तेवढं राहिलं. अहो, झोपा."

मी चपला काढून चौदा नंबरवर आडवा झालो. गादीतला खड्डा माझ्याच मापाचा होता. तिनं लुंगी गुडघ्यापर्यंत सारली आणि नडगीवर हात ठेवला. हात गार होता, तेव्हाही गारच असायचा. एस्तेरनं वहीचं नवं पान उघडलं. दांड्यावरून वाकून हेमलतेनं कागद माझ्या छातीवर ठेवला आणि पेन माझ्या बोटांत दिलं.

"सही केली की सांगते," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग ओव्हर झाली."

"घरी येशील?"

तिनं माझी उशी सरळ केली.

मी पेनचं टोपण काढलं. मग तिला म्हणालो, आज शेपूची भाजी आणलीय, आधी वास घे. तिनं डबा उघडला.

"मीठ घातलंत का ह्यात?"

"दोन्हीतलं एक घातलंय," मी म्हणालो.

ती हसली. एस्तेरनं पर्समधून केळं काढून बघितलं आणि परत ठेवलं. हेमलतेनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

त्याला आता बरेच दिवस झाले. पेन माझ्या हातात आहे. घड्याळात दोन वाजलेत. तेरा कॉटची ओव्हर झाली आहे, चौदा नंबरची राहिली आहे.