नोंद झाली

मलकापूरच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, अपेक्षानं अ‍ॅप बनवलं, तेव्हा गावातल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनवर ते टाकायला लावणारे तिचे वडील, महादेवरावच होते. घरबसल्या नंबर लावायचा, "नोंद झाली" असा निरोप आला की कापूस घेऊन निघायचं.

त्या सोमवारी ते स्वतःच कापूस घेऊन गेले. फाटकावरच्या देवानंदच्या कॉम्प्युटरवर त्यांचं नाव नव्हतं. मागच्या बऱ्याच गाड्यांचंही नव्हतं. महादेवरावांनी फोन त्याच्यापुढे धरला. "मह्या पोरीनं बनवलं हाय हे. लबाडी तू करून राह्यला," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. मग बाकीच्यांनाही जोर चढला. हा ओळखीच्यांच्याच गाड्या आत घेतो, असा आळ आला आणि मालकानं देवानंदला फाटकावरून उठवलं.

संध्याकाळी जेवताना वडिलांनी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. अपेक्षाचा घास हातातच राहिला.

फोननं विचारायचं आणि फाटकावरून उत्तर येईपर्यंत थांबायचं, असं तिनं आधी केलं होतं. पण मालकाला दाखवताना पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं आणि मालक जांभया देऊ लागला. म्हणून तिनं रीत बदलली. निरोप मधल्या सर्व्हरवर ठेवायचा, तिथून तो सवडीनं फाटकावर पोचेल; फोनला मात्र ताबडतोब उत्तर द्यायचं. त्यात गैर काही नव्हतं. गैर होतं ते उत्तर. "निरोप मिळाला" एवढंच खरं असताना तिनं "नोंद झाली" लिहिलं, कारण ते दिसायला बरं होतं. सोमवारी फाटकावरचं इंटरनेट बंद पडलं आणि सगळे निरोप सर्व्हरवरच पडून राहिले.

तिनं हे वडिलांना सांगितलं. ते ताटावरून उठले आणि ओसरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दोघं देवानंदच्या घरी गेले. अपेक्षा माफी मागू लागली, तसं त्यानं तिला थांबवलं.

"ताई, मले इथं कोणी लबाड म्हटलं नाही. तिथं चाला."

भर दुपारी गाड्यांच्या रांगेपुढे उभं राहून ती बोलली. मान वर होत नव्हती. कोणीतरी हसलं. मग महादेवराव पुढे आले आणि एवढंच म्हणाले, "त्याले बोललो मी होतो."

आता नोंदीला वेळ लागतो. फाटकावरून होकार येईपर्यंत चक्र फिरतं आणि लोक कुरकुरतात. देवानंद पुन्हा फाटकावर बसतो. अपेक्षाशी तो कामापुरतंच बोलतो.