कोलू उलटीकडून वाचतो

बोडीटोल्याच्या शाळेत दुसरीचं पुस्तक एक होतं आणि मुलं चार. देवाजी मास्तरांनी यावर तोडगा काढला तो असा: पुस्तक मधोमध जमिनीवर ठेवायचं आणि चौघांनी चार बाजूंना बसायचं. पहिलीतही हेच चाललं होतं. हा टोला म्हणजे ढिवरांची वस्ती. तळ्यातल्या मासळीचे वाटे असेच गोल बसून पडत, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. जागा ठरलेल्या. गोकुळा पुस्तकाच्या पायथ्याशी, तिला अक्षरं सरळ. इसरू डावीकडे, लटारू उजवीकडे, ते दोघं आडवं वाचत. आणि कोलू समोरून. कोलूने जन्मात कधी सरळ 'क' पाहिला नव्हता आणि त्याची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

तक्रार होती डिप्टी साहेबांची. शाळा तपासायला साहेब वर्षातून एकदा पोंभुर्ण्याकडून बैलांच्या रेंगीत बसून येत. सन चौपन्नला त्यांनी पहिलीतल्या कोलूच्या हातात पुस्तक दिलं. कोलूने ते शांतपणे उलटं केलं आणि घडाघडा वाचलं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "पुस्तक उलटे धरूनही वाचतो, अर्थात सर्व पाठ आहे. गोष्ट समजण्याचा प्रश्नच नाही. पुढील वर्षी हीच स्थिती दिसल्यास शाळा बंद करावी."

मास्तर म्हणजे टोल्यातला सातवी पास झालेला पहिला माणूस, पण तेव्हा साहेबांच्या कोटाची बटणं मोजण्यापलीकडे त्यांच्याने काही झालं नाही. दुसरी शाळा तीन कोसांवर, मधे वाघाचं रान. ही बंद झाली की टोल्यातली पोरं पुन्हा जाळी विणायला बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग वर्षभर त्यांनी कोलूला सरळ करायची खटपट केली. गोकुळा जागा सोडीना. "माह्या मायनं सांगतलं, जागा सोडू नोको." शेवटी तिला उठवून कोलूला तिथे बसवलं, तर तो पुस्तकाकडे बघतच राहिला.

"गुरुजी, अक्षरं डोक्यावर उभी हायेत."

पंचावन्नच्या डिसेंबरात साहेब आले. या खेपेला पुस्तक नाही, स्वतःच्या अक्षरात लिहिलेली गोष्ट खिशातून काढली. कोणाला पाठ असणं शक्यच नव्हतं. कोलूची माय चंदाबाई मासळीची टोपली डोक्यावर तशीच घेऊन खिडकीशी उभी राहिली.

साहेबांनी कागद कोलूला दिला. कोलूने उलटा केला. साहेबांनी सरळ केला. कोलूने उलटा केला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा साहेबांचा हात पुढे आला, तेव्हा मास्तरांना आपलाच आवाज ऐकू आला.

"साहेब, तो तिकडूनच वाचते. पुस्तक एकच हाये, अन् हा समोर बसते."

"मग मागच्या वर्षी का नाही सांगितलं?"

"मागच्या साली तुम्ही इचारलं नाई."

साहेबांनी हात मागे घेतला. कोलू वाचू लागला. एका माणसाला तळ्यात मोठा मासा सापडला. मासा म्हणाला, मला सोड, उद्या दुप्पट मोठा होऊन याच काठाशी येईन. माणसाने सोडला. दुसऱ्या दिवशी तो दिवसभर दारात वाट पाहत बसला, आणि त्या घरात चूल पेटली नाही.

"छान. आता सांग, माणूस उपाशी का राहिला?"

"आळशी होता म्हणून," कोलू म्हणाला.

"चूक. लोभी होता. माशाने त्याला फसवलं."

"मासा कायले फसवते, साहेब? मासा आला असन."

"आला असता तर माणसाला दिसला नसता का?"

"मासा म्हणे काठाशी येतो. हा बसला दारात. मासा दारात कसा येईन?"

"अन् जाळं घेऊन जावं लागते," गोकुळा म्हणाली. "यानं तं जाळंही नाई नेलं."

"असल्या माणसाले आमी वाटा देत नाई," खिडकीतून चंदाबाई म्हणाली.

साहेबांनी कागद परत घेतला आणि आपली गोष्ट वाचली. मग पुन्हा वाचली. अकरा वर्षं ते ही गोष्ट शाळाशाळांतून घेऊन फिरत होते आणि सगळीकडे पोरांनी बिनबोभाट 'लोभी' म्हटलं होतं. त्यांनी 'दारात' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली, कोटाचं वरचं बटण सोडलं आणि शेरेबुक मागवलं.

मास्तर टेबलाच्या अलीकडे उभे. साहेब पलीकडे लिहीत होते. मास्तरांनी मान वाकडी करून पाहिली, एक अक्षर लागेना. त्यांनी हळूच कोलूला पुढे ढकललं.

कोलू टेबलासमोर उभा राहिला आणि साहेबांचं पेन चालेल तसं मोठ्याने वाचू लागला. "मुले... वाचतात. गोष्ट... त्यांना समजते. आम्हांस... समजली नव्हती." इथे पेन थांबलं. कोलूही थांबला. "पुढं लिहा नं, साहेब."

साहेबांनी लिहिलं. "शाळा... चालू ठेवावी. दुसरीची तीन पुस्तके... पाठवावीत."

चंदाबाईने टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पदर नीट केला.

पुस्तकं फेब्रुवारीत आली. मास्तरांनी चौघांना एकेक दिलं आणि ते फळा पुसायला वळले. परत पाहिलं तर चारही पुस्तकं मधोमध एकावर एक रचलेली, वरचं उघडलेलं, आणि चौघं आपापल्या जागी.

मास्तर कोलूच्या शेजारी मांडी घालून बसले आणि समोरून वाचायला लागले. दुसऱ्या ओळीतच अडले.

"येते, गुरुजी," कोलू म्हणाला. "हळूहळू येते."