हळू खा

माझी खालची उजवी दाढ नऊ ऑक्टोबरला सकाळी साडेदहाच्या सुमारास फुटली. ही तारीख आणि वेळ विमा कंपनीला इतक्या वेळा सांगून झाली आहे, की आता झोपेतही सांगता येईल. नऊ ऑक्टोबर हा आमच्या लग्नाचा दिवस. मार्लिस असती तर अडतीस वर्षं पुरी झाली असती. ती मार्चमध्ये गेली.

त्याच्या आदल्या जुलैत तिनं चेरीच्या पाच पाई करून कच्च्याच डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. दोन नाताळात संपल्या. दोन तिला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात लोकांनी खाल्ल्या. पाचवी मी सोयाबीनच्या पाकिटांखाली लपवून ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही. लग्नाच्या दिवशी ती बाहेर काढली. वरच्या चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘चेरी. पावणेचारशेवर पन्नास मिनिटं. हळू खा.’ मी ती पट्टी सोलून फ्रीजच्या दारावर लावली आणि पाई भाजायला टाकली. घरभर वास सुटला. मी ओव्हनसमोर खुर्ची घेऊन बसून राहिलो.

मार्लिसच्या माहेरची एक रीत होती. पाईसाठी चेरीच्या बिया केसांच्या आकड्यानं एकेक करून काढायच्या, पण एक बी मुद्दाम आत ठेवायची. ज्याच्या तुकड्यात ती येईल त्यानं ताटलीवर चमचा वाजवून म्हणायचं, “मी सुटलो!” त्या दिवशी त्याला भांडी घासायची नसत. बाकीच्यांनी घासायची. लग्नानंतर आमच्या घरातही ती रीत आली. मी काउंटीच्या रस्ते खात्यात बर्फ हटवायची गाडी चालवायचो. वादळात सलग सोळा तास गाडीवर काढून घरी आलो, की त्या दिवशी पाई असली तर बी हमखास माझ्याच तुकड्यात यायची. आपलं नशीब चांगलं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मग एकदा तिला पाईची थाळी हळूच फिरवून बीचा तुकडा माझ्याकडे आणताना बघितलं. बघितलं नाही असं दाखवलं.

तर, पहिला तुकडा मी खाल्ला. दुसरा घेतला. दुसऱ्याच्या तिसऱ्या घासाला कडकन आवाज झाला, आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. तोंडातून बी काढली. दाढेचा तुकडाही निघाला. एवढं दुखत असताना मी चमचा उचलला आणि ताटलीवर वाजवला. समोर कुणी नव्हतं.

दातांचे डॉक्टर क्वाम म्हणाले, “दाढ मुळापर्यंत उभी चिरली आहे. शेजारच्या दाढेचाही कोपरा उडालाय. एक काढावी लागेल, तिच्या जागी हाडात स्क्रू घालून नवी बसवता येईल. विमा आहे ना?”

विमा होता, पण दातांचा नव्हता. दातांचा विमा मी निवृत्त झालो त्या दिवशीच संपला होता. बाकी शरीराचा चालू होता. दात शरीरात धरत नाहीत.

“अपघात असेल तर साधा विमा देतो कधीकधी,” क्वाम म्हणाले. “अर्ज पाठवून बघा.”

अर्जावर प्रश्न होता, इजा कशी झाली. मी लिहिलं, पाई खाताना. तीन आठवड्यांनी पत्र आलं. खाताना किंवा चावताना दातांना झालेली इजा ही अपघात या व्याख्येत बसत नाही.

मी फोन लावला. बराच वेळ गाणी ऐकवल्यावर योलांडा नावाच्या बाई आल्या. आवाजावरून माझ्या मुलीच्या वयाच्या वाटल्या.

“मिस्टर टॉलेफसन, तुम्ही त्या वेळी कुठं पडला वगैरे नाहीत ना?”

“नाही. बसलो होतो.”

“खुर्चीवरून घसरला असाल?”

“खुर्चीवर बसलो होतो.”

“कुणी धक्का दिला?”

“घरात मी एकटाच असतो, बाई.”

 त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघा, अपील करता येतं. मी तुम्हाला काही शिकवत नाही हं. पण चेरीची पाई बिनबियांचीच असते, बरोबर?”

“लोकांची असते.”

“म्हणजे त्या बीनं तिथं असायला नको होतं. खाण्यात नको असलेली वस्तू आली आणि इजा झाली, असं असेल तर काही वेळा मंजूर करतात. एवढं एकच वाक्य लागतं. बी तिथं असायला नको होती. बस.”

“बरं,” मी म्हणालो. अपिलाचा कागद आला. त्यावर सगळं भरलं. ते वाक्य लिहायची जागा तेवढी कोरी ठेवली.

दर शुक्रवारी ग्लेन येतो. ग्लेन मार्लिसचा भाऊ. कोपऱ्यावरच्या बारमधून तळलेले मासे आणि बटाटे घेऊन येतो, आणि मी काय खाल्लं नाही यावरून मला बोलतो. त्या शुक्रवारी मी मासा डाव्या बाजूनं चावत होतो.

“गाय तुझ्यापेक्षा पटकन जेवते,” ग्लेन म्हणाला. “कागद कुठाय तो? दे, मी लिहितो.”

“मला लिहिता येतं.”

“मग लिही ना! बारा शब्द नाहीत ते. आयुष्यभर विम्याचे हप्ते भरलेस ते काय त्यांच्या दाढा भरायला?”

“ग्लेन, ती बी मार्लिसनं ठेवली होती.”

त्यानं काटा खाली ठेवला. “आईची रीत मलाही माहीत आहे, ड्वेन. मी तिचाच मुलगा. पण तू जुलैतले मार्लिसचे हात बघितलेस ना? कॅन्सरच्या त्या औषधानं तिची बोटं बधिर झाली होती. स्वेटरची बटणं मी लावून दिली आहेत तिची. पाच पाईंच्या चेऱ्या, हातात आकडा. एखादी राहून गेली असेल. तिचा दोष नाही.”

“राहून गेली?”

“ती आजारी होती रे.”

तो खोटं बोलत नव्हता. तिच्या हातातून कप पडायचे. आकडा पडला की ती शिवी हासडायची, आणि मी उचलून द्यायला गेलो की म्हणायची, “स्वयंपाकघरातून नीघ.” मी निघायचो. म्हणून ती बी तिनं ठेवली की तिच्याकडून राहिली, हे बघायला मी तिथं नव्हतो.

मला दाढ हवी होती. दुखत होतं, नीट जेवता येत नव्हतं. पण तिनं माझ्यासाठी शेवटचं काही केलं होतं की नाही, हे त्या वाक्यावर ठरणार होतं. बी राहून गेली असेल, तर नऊ ऑक्टोबरला मी एकटाच पाई खात बसलो होतो. ठेवली असेल, तर ती माझ्याशी काही बोलली होती.

मी फ्रीजच्या दाराकडे बोट दाखवलं. ग्लेननं चष्मा लावून पट्टी वाचली.

“हळू खा,” तो म्हणाला. “तू बकाबका गिळतोस म्हणून लिहिलंय. घासागणिक सांगायची ती तुला.”

“तोंडानं सांगायची. लिहून कधी ठेवलं नव्हतं.”

“बाकीच्या चारांवरही असेल. बघितलंस?”

मी बघितलं नव्हतं. नाताळातल्या पट्ट्या तिनंच काढल्या, नंतरच्या चर्चमधल्या बायकांनी. सगळ्या कचऱ्यात गेल्या.

“लिही,” ग्लेन म्हणाला. “तीसुद्धा हेच म्हणाली असती. म्हणाली असती, ड्वेन, शहाणपणा करू नकोस, दाढ बसवून घे.”

हेही खरं होतं. ती नक्की असंच म्हणाली असती.

मी ती जागा कोरी ठेवूनच कागद पाठवला. त्यामुळे त्यांनी तोंडी सुनावणी ठेवली. डिसेंबरच्या दोन तारखेला, फोनवर. पलीकडे तीन माणसं होती. योलांडाबाईही होत्या, त्यांनी सुरुवातीला “गुड मॉर्निंग, मिस्टर टॉलेफसन” म्हटलं. एक मऊ आवाजाचा माणूस प्रश्न विचारत होता. त्यानं माझ्या पत्नीबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि ते वाचून दाखवल्यासारखं वाटलं नाही.

“आता एकच मुद्दा राहिलाय,” तो म्हणाला. “अर्जात ते कोरं आहे, चुकून राहिलं असेल. मी विचारतो, तुम्ही फक्त हो म्हणा किंवा नाही म्हणा. त्या पाईत ती बी असायला नको होती, बरोबर?”

योलांडाबाई हलकेच खाकरल्या. मला हो म्हणायला सांगत होत्या, हे कळलं. भल्या बाई. मी फ्रीजच्या दारावरची पट्टी बघत होतो. ‘हळू’मधलं एक अक्षर वेडंवाकडं आलं होतं आणि तिनं ते पुन्हा गिरवलं होतं. बधिर बोटांनी एक अक्षर दोनदा. त्या दिवशी पट्टीवर एक शब्दसुद्धा जास्त लिहिणं तिला सोपं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “असायला हवी होती.”

“माफ करा?”

“माझ्या बायकोनं ती मुद्दाम ठेवली होती.”

“कशासाठी?”

“मला भांडी घासायला लागू नयेत म्हणून.”

 मग तो माणूस म्हणाला, “मिस्टर टॉलेफसन, हे तुम्ही मागं घेऊ शकता. आम्ही दोन मिनिटं थांबतो.”

“आणि तिनं मला आधी सांगूनही ठेवलं होतं,” मी म्हणालो. “लेखी.”

नकाराचं पत्र नाताळच्या आधी आलं. क्वाम यांनी दाढ काढली. जागा मोकळीच ठेवली. सुरुवातीला जीभ सारखी तिथं जायची, आता कमी जाते. जाते तेव्हा मी तिला अडवत नाही. जेवण हळू होतं. मासा संपायला अर्धा तास लागतो. मार्लिस हे बघायला हवी होती. सदतीस वर्षं सांगत होती आणि मी ऐकलं नव्हतं.

गेल्या शुक्रवारी ग्लेन आला. मासे ओट्यावर ठेवले आणि सिंककडे बघून उभा राहिला. तिथं ती पाईची काचेची थाळी आहे. कडेला लाल रस वाळून काळा पडलाय.

“ऑक्टोबरपासून हे भांडं इथं पडलंय,” तो म्हणाला. “लोक म्हणतील, बायको गेली आणि माणूस डुकरासारखा राहायला लागला. सरक.” त्यानं बाह्या वर केल्या आणि नळ सोडला.

“राहू दे,” मी म्हणालो.

“अरे, मी घासतो ना!”

“ग्लेन, बी मला मिळाली होती. मी सुटलो. हे भांडं तिच्या वाट्याचं.”

 पाणी वाहत होतं. तोही त्याच घरात वाढलेला. मग त्यानं नळ बंद केला, हात पँटला पुसले आणि मासे गरम करायला ठेवले.