पडद्यावर चार अंश

मित्रांनो, पिंपळनेरच्या एका लहान रुग्णालयात, रक्तसाठ्याच्या खोलीत नऊ वर्षं बसलेला जुना संगणक मी. जळगावच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. काम साधं, पण जोखमीचं. रक्ताच्या फ्रिजमधलं तापमान दर मिनिटाला वाचायचं, धुळ्याच्या रक्तपेढीला कळवायचं आणि ते सहा अंशांच्या वर गेलं की घंटा वाजवायची. सात वर्षं मी एकदाही चुकलो नाही. डॉक्टर पाहुण्यांना कौतुकाने माझ्यासमोर आणून उभे करत.

मग मी मधूनच गोठू लागलो. पडदा चालू, पण आकडे थिजलेले. माझे निरोप थांबले की धुळ्याची माणसं 'नेट गेलं असेल' म्हणून सोडून द्यायची. धनसिंग वायरमन यायचा. "केबल खराब शे ताई, बठ्ठी बदली टाकस," म्हणायचा आणि माझ्या डोक्यावर दोन थापा मारायचा. अशी सगळी केबल तीनदा बदलली. जळगावचा दुरुस्तीवाला अर्हम फोनवरून एकच सांगायचा, "बंद करून चालू करा." चालू झालो की सगळे खूश. माझा मात्र जळफळाट व्हायचा. खोट पोटात होती आणि सांगायला तोंड नव्हतं.

माझ्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, नेटवर्क ड्रायव्हर असतो. बाहेरच्या जगाशी सगळी देवाणघेवाण तोच करतो. त्यात दोन कामं एकाच वेळी चालतात. एक काम आलेला निरोप स्मृतीच्या कप्प्यातून उचलतं. दुसरं, जोडणी तुटली की, तो कप्पाच मोडून टाकतं. 'थांब, माझं वाचून होऊ दे,' असं म्हणायची सोय लिहिणाऱ्याने ठेवलीच नव्हती. बहुतेक वेळा पहिलं काम आधी आटपायचं. कधीतरी दुसरं पुढे धावायचं, पहिलं काम आता नसलेल्या कप्प्यात हात घालायचं आणि मी गोठायचो. जाणकार याला 'रेस कंडिशन' म्हणतात.

आमच्या तंत्रज्ञ सुलक्षणाताई मी गोठलो की वेळ वहीत लिहून ठेवत. अकरा नोंदींनंतर त्यांच्या लक्षात आलं, दर वेळी नुकतीच वीज जाऊन जनरेटर लागलेला असतो. मी बॅटरीवर चालूच राहतो, पण तेवढ्यात माझी नेटवर्कची जोडणी तुटून पुन्हा जुळते. त्यांनी अर्हमला कळवलं.

"योगायोग असेल, ताई," तो म्हणाला.

एका दुपारी वना नावाच्या शेतमजुराची बायको, बेबाबाई, बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. वना धावत आला. "ताई, रगत शे ना?"

"आहे, भाऊ."

माझ्या पडद्यावर चार अंश होते. ताईंनी फ्रिज उघडला, पिशवी हातात घेतली आणि त्या चरकल्या. पिशवी पुरेशी गार नव्हती. काचेचा तापमापक लावला. अकरा अंश! सकाळी वीज गेल्यावर फ्रिज पुन्हा सुरूच झाला नव्हता आणि त्याच क्षणी मीही गोठलो होतो; पडद्यावरचे चार अंश सकाळचेच होते आणि घंटा वाजलीच नव्हती. सहाही पिशव्या बाद.

"यानावर तं चार लिखेल शे ना!" वना माझ्याकडे बोट दाखवून ओरडला. ताईंनी धुळ्याच्या रक्तपेढीला फोन लावला.

धुळ्याहून रक्त यायला दोन तास लागले. डॉक्टरांनी तोवर बेबाबाईंना कसंबसं तगवलं. त्या वाचल्या, पण तीन आठवडे खाटेवरून उठल्या नाहीत.

मग अर्हम स्वतः आला. त्याने माझी जोडणी पुन्हापुन्हा तोडून जोडली. सातव्यांदा मी गोठलो. त्याने शोधाशोध केली आणि त्याचा चेहरा उतरला.

"या चुकीची दुरुस्ती दीड वर्षापूर्वीच आलीय. ही मशीन माझ्या यादीत राहूनच गेली. ताई, याच फटीतून कुणी बाहेरून मुद्दाम संगणकातही शिरू शकलं असतं."

"म्हणजे मी वही घेऊन तुमच्या मागे लागले होते, तेव्हाही ती दुरुस्ती होती?"

"होती, ताई," म्हणत अर्हम कामाला लागला. दुरुस्ती बसवायला चार मिनिटं लागली. चार!

मित्रांनो, आता मी ठणठणीत आहे, पण माझ्यावर कुणाचा भरवसा उरला नाही. शेजारच्या टेबलावर नवा संगणक आलाय. तुमच्याकडे एवढंच मागतो: यंत्र पुन्हा चालू झालं म्हणजे ते बरं झालं, असं समजू नका. ते केव्हा अडतं ते लिहून ठेवा आणि लिहून ठेवणाऱ्याचं ऐका.

आज सकाळीच त्या नव्या संगणकाच्या पडद्यावर निरोप आला, 'सुरक्षेची दुरुस्ती तयार आहे.' ताई रजेवर आहेत. बदलीवरच्या माणसाने 'नंतर' दाबलं आणि तो चहाला गेला.